गिळलेला कफ : क्षयरोगानंतर मागे राहिलेल्या दुखण्यातील श्वसन-फिजिओथेरपीचे एक प्रकरण

रुग्ण ५१ वर्षांच्या, सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतीच्या एका गावच्या. छातीरोगतज्ज्ञांनी सोबत दिलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती : डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा विकार) आहे, कफ काढण्याचे तंत्र शिकवावे. ओळख पटेल असे तपशील मी येथे वगळले आहेत आणि हे प्रकरण लिहिण्यास त्यांची संमती घेतली आहे. पुढे मी त्यांचा उल्लेख मावशी असाच करते, कारण उपचारांच्या काळात मी त्यांना त्याच नावाने हाक मारीत असे.

पहिल्या भेटीत मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या आणि पदराचे टोक त्यांच्या हातात होते. बोलता बोलता दर दोन-तीन मिनिटांनी छातीत घुरघुर व्हायची, खोकला ओठांशी यायचा, मग त्या पदर तोंडावर धरून आवाज दाबत एकदाच खोकत आणि जे वर आले असेल ते गिळून टाकीत. मी समोर झाकणाचा डबा ठेवला, तरी त्यांनी तो वापरला नाही. दिवसाला किती कफ पडतो असे विचारल्यावर त्यांनी चमच्याची खूण केली आणि म्हणाल्या, “जास्त नाही, एवढासाच.” त्या दिवशी मी ती नोंद तशीच लिहून घेतली. या प्रकरणातली पहिली चूक ती होती, आणि ती माझी होती.

त्यांचा पूर्वेतिहास आपल्याकडे अनेक घरांत सापडेल असा आहे. १७ वर्षांपूर्वी त्यांना फुफ्फुसाचा क्षयरोग झाला. त्या काळी सरकारी कार्यक्रमात गोळ्या एक दिवसाआड दिल्या जात. आरोग्य केंद्रात जाऊन, तिथल्या माणसासमोर गोळ्या घेऊन, एकही फेरी न चुकवता त्यांनी सहा महिन्यांचा उपचार पूर्ण केला आणि रोग बरा झाला. पुढे चार-पाच वर्षांनी सकाळचा खोकला सुरू झाला, मग कफ, आणि मग दर हिवाळ्यात व पावसाच्या सुरुवातीला ताप येऊन कफ हिरवट-पिवळा होण्याचे चक्र लागले. माझ्याकडे येण्याआधीच्या वर्षभरात त्यांना अँटिबायोटिक गोळ्यांचे चार कोर्स घ्यावे लागले होते. प्रत्येक वेळी घरच्यांना वाटे की टीबी उलटला. थुंकी तपासली जाई, क्षयाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबी-नॅट चाचणीही झाली होती, आणि प्रत्येक वेळी अहवालात क्षयाचे जंतू नाहीत असेच येई. तरीही घरात त्यांचे ताट आणि पेला वेगळा झाला होता. कोणी तसे सांगितले नव्हते आणि कोणी भांडलेही नव्हते. एक दिवस मावशींनी स्वतःच पेला बाजूला ठेवला आणि तो तसाच राहिला.

क्षयाचे जंतू गेले तरी क्षयाने केलेली मोडतोड मागे राहू शकते, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही असे मला वाटते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असताना, बरे झालेल्यांच्या छातीत पुढे काय होते याकडे पाहणारी व्यवस्था मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. निरोगी श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात. ते सतत एका लयीत झुलत राहतात आणि धूळ व जंतू चिकटलेला कफाचा पातळ थर घशाच्या दिशेने वर सरकवतात. तो आपण नकळत गिळतो आणि त्याची कधी जाणीवही होत नाही. ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये नलिकेची भिंत कमकुवत होऊन ती कायमची रुंद, पिशवीसारखी होते, हे केस झडतात आणि कफ तिथेच साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते, सुजेमुळे भिंत आणखी खराब होते आणि कफ आणखी साचतो. फ्रेंच वैद्य रेने लाएनेक यांनी १८१९ मध्ये या विकाराचे वर्णन केले होते; हे दुष्टचक्र पीटर कोल यांनी १९८० च्या दशकात नेमक्या शब्दांत मांडले. औषधे त्या चक्राला जंतूंच्या आणि सुजेच्या ठिकाणी अडवतात. साचलेला कफ बाहेर काढून ते अडवणे हे आमचे काम.

तपासणीत मावशींची उंची १५२ सेंटीमीटर आणि वजन ३९ किलो भरले. श्वास मिनिटाला २४, बसल्या जागी ऑक्सिजनचे प्रमाण ९४ टक्के. डाव्या बाजूला पाठीमागे, खालच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवला की श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही जाडसर बुडबुड्यांचा आवाज येत होता, आणि खोकल्यानंतर त्याची जागा बदलत होती. हा बदल महत्त्वाचा असतो, कारण आवाज खोकल्याने सरकतो याचा अर्थ आत हलू शकणारा कफ आहे. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजण्याच्या चाचणीत, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १.०५ लिटर, म्हणजे अपेक्षेच्या साधारण ५६ टक्के होती. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत त्या २७० मीटर चालल्या, दोनदा थांबल्या, आणि शेवटी ऑक्सिजन ८७ पर्यंत उतरला. तुम्हाला यातून काय मिळाले तर बरे वाटेल, असे मी प्रत्येक रुग्णाला विचारते. मावशी म्हणाल्या, “हरिपाठाला बसता आलं पाहिजे. मधेच उठून जायला लागतंय, लाज वाटती.”

याआधी त्यांना छातीच्या व्यायामासाठी काहीच मिळाले नव्हते असे नाही. तीन खणांत तीन रंगीत गोळ्या असलेले प्लॅस्टिकचे उपकरण त्यांच्या पिशवीत होते. करोनाच्या काळापासून ते गावोगावी पोहोचले आहे. मी वापरून दाखवायला सांगितले, तेव्हा त्यांनी नळी तोंडात धरली आणि सगळा जोर लावून फुंकले. गोळ्या हलल्या नाहीत. दोन वर्षे त्या असेच फुंकत होत्या आणि गोळ्या हलत नाहीत म्हणजे आपल्या छातीत हवाच राहिलेली नाही अशी त्यांची समजूत झाली होती. हे उपकरण श्वास आत ओढण्यासाठी आहे. शस्त्रक्रियेनंतर किंवा अंथरुणावर पडून राहिल्याने फुफ्फुसाचा तळ मिटू लागतो तेव्हा तो उघडावा म्हणून ते देतात. साठलेला कफ बाहेर काढण्याचे ते साधन नाही. ज्याने कोणी ते दिले असेल त्याने एकदा समोर बसवून वापरून घेतले असते, तर एका बाईची दोन वर्षांची निराशा टळली असती. उपकरण हातात देणे म्हणजे उपचार देणे नव्हे, हे मी तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना या एका प्रसंगावरून सांगते.

खोकला आणि हाऽ

मावशींचा खोकला दोन प्रकारचा होता. चारचौघांत दाबलेला, आणि रात्री एकटे असताना उबळ येऊन सुटलेला, ज्यात त्या लागोपाठ दहा-बारा वेळा खोकत, चेहरा लालबुंद होई, बरगड्या दुखत आणि हाती मात्र फारसे काही लागत नसे. दोन्हींत कफ आतच राहत होता. दुसऱ्या प्रकारात का राहतो, हे समजल्याशिवाय पुढचे तंत्र समजत नाही.

जोरात श्वास बाहेर टाकताना छातीतला दाब नलिकांवर बाहेरून पडतो आणि आतून हवेचा दाब त्यांना उघडे ठेवतो. आतला दाब फुफ्फुसाच्या टोकापासून तोंडाकडे येताना कमी कमी होत जातो. वाटेत एक जागा अशी येते की तिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो, आणि तिथून तोंडाकडच्या बाजूला नलिका दाबली जाते. ही दाबली जाण्याची क्रिया मर्यादेत असेल तर उपयोगी असते, कारण अरुंद झालेल्या जागेतून हवा वेगाने जाते आणि कफाला ओढून नेते. छाती पूर्ण भरलेली असताना ही जागा मोठ्या नलिकांत असते. मध्यम भरलेल्या छातीतून श्वास टाकत गेले की ती खोल, लहान नलिकांकडे सरकते. पण नलिकांच्या भिंती आधीच ढिल्या झालेल्या असतील आणि माणूस लागोपाठ, सगळी ताकद लावून खोकत असेल, तर त्या नलिका मिटूनच जातात आणि कफ त्यांच्या मागे कोंडला जातो. मावशी रात्री जितक्या जोराने खोकत तितके त्यांचे दार घट्ट बंद होत होते.

म्हणून खोकल्याऐवजी हफ शिकवायचा. गळा उघडा ठेवून, ओठ गोल करून, आरशावर वाफ धरताना सोडतो तसा ‘हाऽ’ असा श्वास पोटाच्या स्नायूंनी बाहेर ढकलायचा. पहिले एक-दोन हफ मध्यम श्वासातून आणि लांब, म्हणजे खोलवरचा कफ हलतो; तो वर आल्याची घुरघुर ऐकू आली की खोल श्वास घेऊन एक आखूड, जोरकस हफ, आणि मग गरज वाटली तर एकच खोकला. या हफच्या अलीकडे-पलीकडे सावकाश श्वासाचे टप्पे असतात : आधी खांदे सैल सोडून पोटाने हलका श्वास, मग बरगड्या फुलवणारे तीन-चार खोल श्वास, प्रत्येक वेळी वर दोन-तीन सेकंद थांबून, आणि पुन्हा हलका श्वास. थांबण्याला अर्थ आहे. शेजारशेजारच्या वायुकोशांना जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. थांबलेल्या क्षणात हवा त्या वाटांनी कफाच्या बोळ्यामागे पोहोचते, आणि मागे हवा असल्याशिवाय कफ पुढे ढकलला जात नाही. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेले आणि लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात विकसित झालेले हे तंत्र आज जगभर शिकवले जाते. त्याला लागणारे सामान म्हणजे एक खुर्ची.

मावशींना हफ जमायला चार दिवस लागले. सुरुवातीला त्या ‘हा’ म्हणत, म्हणजे आवाज गळ्यातून येई आणि गळा आवळला जाई. शेवटी मी एक जाड पुठ्ठ्याची नळी त्यांच्या दातांमध्ये धरायला दिली, जीभ खाली राहिली, गळा उघडला आणि पहिल्यांदाच त्यांच्या पाठीवर ठेवलेल्या माझ्या तळहाताला खालून वर सरकत गेलेली घरघर जाणवली. ती माझ्या हाताला जाणवली त्याच क्षणी त्यांनाही जाणवली, कारण त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

स्थितीबद्दल मी एक चूक केली. डाव्या खालच्या खंडातून कफ गुरुत्वाकर्षणाने वाहून यावा यासाठी पुस्तकातली स्थिती म्हणजे उजव्या कुशीवर झोपून पायांकडची बाजू सुमारे ४५ सेंटीमीटर उचलणे. अंग एका विशिष्ट बाजूला कलवून कफ काढण्याची ही पद्धत जुनी आहे. विल्यम एवार्ट यांनी १९०१ मध्ये तिच्याविषयी लिहिले होते. दुसऱ्या सत्रात मी त्यांना तसे झोपवले आणि पाच मिनिटांत त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली, घशाशी आंबट पाणी आले आणि दम वाढला. जेवणानंतर आंबट ढेकर येतात का, हे मी आधी विचारायला हवे होते. डोके खाली केल्याने पोटातले आम्ल वर येते आणि ते श्वासमार्गात गेले तर आहे त्या दुखण्यात भर पडते. त्यानंतर आम्ही पलंग सपाट ठेवला आणि फक्त उजवी कूस घेतली. डावी, आजारी बाजू वर आणि चांगली बाजू खाली राहिल्याने ऑक्सिजनही दोन टक्क्यांनी वर राहिला. मात्र आजारी बाजूचा कफ चांगल्या बाजूला उतरू नये म्हणून प्रत्येक सत्राचा शेवट बसून, हफ करून, छाती मोकळी झाल्यावरच करायचा असे ठरले. त्यांच्या हाडे दिसणाऱ्या पाठीवर थापट्या देणे मी टाळले. थापट्यांनी नातेवाईकांना काहीतरी जोराचा उपचार चालल्यासारखे वाटते, पण स्वतः श्वास घेऊ-सोडू शकणाऱ्या रुग्णाला त्याच्याच श्वासाने कफ काढता आला पाहिजे, कारण घरी थापटायला रोज कोण बसणार?

डबा

पहिल्या आठवड्यात मी झाकणाचा, बाजूने मिलिलिटरच्या खुणा केलेला डबा दिला आणि चोवीस तासांत पडेल तेवढा सगळा कफ त्यात जमा करायला सांगितला. पहिले तीन दिवस १५ मिलिलिटर भरला. सीटी स्कॅनमध्ये रुंदावलेल्या नलिकांचे पुंजके आणि पाठीतून ऐकू येणारे बुडबुडे पाहता हा आकडा मला पटत नव्हता. चौथ्या दिवशी सुनेला बाहेर बसवून मी सरळ विचारले, मावशी, किती वेळा गिळता? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की चहा करताना, भाकरी थापताना, पोरांशी बोलताना कुठे थुंकायचे. थुंकले की पाहणाऱ्याच्या तोंडावर टीबी हा शब्द दिसतो, म्हणून सतरा वर्षांत गिळण्याची सवय लागली, आता ध्यानातही येत नाही. रात्री थुंकायला मोरीपर्यंत गेले तर दाराची कडी वाजते आणि घर जागे होते, म्हणून रात्रीही गिळत होत्या.

मी त्यांना समजावून सांगितले की गिळलेला कफ पोटात गेल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते गिळण्यासाठी खोकला अर्ध्यावर दाबल्याने, कारण त्यामुळे बहुतेक कफ वर येण्याआधीच माघारी जातो. मग आम्ही जागा शोधल्या. स्वयंपाकघरात ओट्यामागे एक झाकणाचा डबा, उशाशी एक, आणि बाहेर जाताना पिशवीत ठेवायला एक लहान, फिरकीच्या झाकणाचा. डब्याच्या तळाशी थोडे जंतुनाशक, दिवसातून एकदा शौचालयात रिकामा करून गरम पाण्याने धुणे. दुसऱ्या आठवड्यात सुनेलाही मी शेजारी बसवले आणि थुंकीचे गेल्या दोन वर्षांचे अहवाल एकेक करून तिला वाचायला दिले. ती दहावीपर्यंत शिकलेली आहे. तिने सगळे वाचले आणि विचारले, “म्हणजे हे लागत नाही?” क्षयाचा संसर्ग आज नाही, असे मी सांगितले, खोकताना तोंड झाकणे आणि हात धुणे हे मात्र सर्वांसाठीच आहे, आणि पुन्हा ताप किंवा वजन घटणे दिसले तर थुंकी पुन्हा तपासायची, हेही सांगितले.

पुढचे दहा दिवस डब्यातला आकडा वाढत गेला : ३०, ४५, आणि एकदा ६० मिलिलिटर. मावशी घाबरल्या. त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला की उपचाराने दुखणे वाढले. याची कल्पना मी आधीच द्यायला हवी होती. साठलेले आणि आजवर गिळले जाणारे बाहेर पडू लागले की आकडा आधी चढतो आणि मग उतरतो. ताप नसेल, रंग गडद होत नसेल आणि दम वाढत नसेल तर चढणारा आकडा हे चांगले लक्षण असते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तो उतरू लागला.

गवंड्याची नळी

मावशींचे गाव आमच्यापासून एसटीने दोन तासांवर आहे. आठवड्यातून दोन फेऱ्या हीच त्यांची मर्यादा होती आणि घरी रोज दोनदा करायचे तर एकट्याने करता येईल असे काहीतरी हवे होते. श्वास सोडताना थोडा अडथळा देऊन नलिका आतून उघड्या ठेवणारी तयार उपकरणे बाजारात मिळतात, पण त्यांची किंमत या घराला परवडणारी नव्हती. म्हणून बाटलीचा उपाय केला. रुंद तोंडाची एक मोठी बाटली, त्यात पाणी, आणि पाण्यात बरोबर १० सेंटीमीटर बुडेल अशी पारदर्शक नळी. त्या नळीतून फुंकताना श्वासाला १० सेंटीमीटर पाण्याइतका विरोध होतो आणि तेवढा दाब ढिल्या नलिकांना मिटू देत नाही. नळी कोणती हा प्रश्न किरकोळ नाही. पुष्कळ ठिकाणी सलाइनची नळी वापरतात, पण ती इतकी अरुंद असते की तिचाच विरोध पाण्याच्या विरोधात मिसळतो आणि रुग्ण दमतो. गवंडी बांधकामाची पातळी पाहायला जी पारदर्शक नळी वापरतात ती आतून सुमारे एक सेंटीमीटर व्यासाची, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. मावशींचा धाकटा भाऊ गवंडी आहे. नवी, न वापरलेली, हातभर नळी तो स्वतः घेऊन आला आणि दहा सेंटीमीटरची खूण त्यानेच रंगाने केली.

वापर असा ठरला. नाकाने नेहमीपेक्षा थोडा मोठा श्वास, दोन-तीन सेकंद थांबणे, मग नळीतून सावकाश, सलग बुडबुडे येतील इतपत फुंकणे. असे दहा श्वास, मग नळी बाजूला ठेवून दोन हफ आणि डबा. एका बैठकीत पाच-सहा फेऱ्या. श्वास आत घेताना तोंड नळीपासून दूर घ्यायचे, म्हणजे पाणी ओढले जात नाही. पाणी उकळून गार केलेले, प्रत्येक वेळी ताजे; बाटली आणि नळी रोज साबणाने धुऊन, नळी उभी टांगून पूर्ण कोरडी. ओल्या नळीत जंतू वाढतात, आणि ब्रॉन्किएक्टॅसिसच्या छातीत एकदा स्युडोमोनाससारखा जंतू ठाण मांडून बसला तर त्याला हटवणे फार अवघड जाते. स्वच्छतेचा हा भाग मी तंत्रापेक्षा जास्त वेळ शिकवला.

छातीरोगतज्ज्ञांनी याच सुमारास ३ टक्के मिठाच्या पाण्याचा नेब्युलायझर सुरू केला. पहिली मात्रा आमच्यासमोर दिली, तेव्हा छाती आवळल्यासारखी झाली. म्हणून त्याआधी नलिका उघडणारा पंप घ्यायचा असे त्यांनी ठरवले. पंप, पंधरा मिनिटांनी मिठाच्या पाण्याचा वाफारा, त्यानंतर बाटली आणि हफ हा क्रम मी जाड अक्षरांत लिहून दिला. क्रम उलटा झाला तर पंपाआधीच्या वाफाऱ्याने छाती आवळते आणि कफ सैल होण्याआधीच बाटली होऊन जाते.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी कफात रक्ताच्या रेषा दिसल्या. सुनेने लगेच फोन केला. रक्त एक चमचाभर किंवा जास्त असते, किंवा निव्वळ ताजे रक्त आले असते, तर सगळे थांबवून त्यांना तातडीने रुग्णालयात आणायला सांगावे लागले असते. इथे फक्त रेषा होत्या. तरीही बाटली आणि मिठाचे पाणी बंद ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगितले. त्यांनी तपासून औषध बदलले. तीन दिवस फक्त हलके श्वास आणि सौम्य हफ चालू ठेवले आणि रेषा थांबल्यावर चौथ्या दिवसापासून बाटली पुन्हा सुरू केली. या तीन दिवसांत मावशी घाबरून सगळेच सोडून देतील ही माझी खरी काळजी होती. त्यांनी सोडले नाही.

चालण्याचा व्यायाम ऑक्सिमीटर बोटाला लावून सुरू केला : दोन मिनिटे चालणे, प्रमाण ८८ च्या खाली जाऊ लागले की भिंतीला टेकून ओठांच्या चंबूतून श्वास सोडत थांबणे, आणि पुन्हा चालणे. खुर्चीतून उठणे-बसणे आणि पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंडांचे व्यायाम. चालल्याने श्वास खोल होतो आणि कफही हलतो, म्हणून चालणे आम्ही बाटलीच्या आधी ठेवले. वजनासाठी शेंगदाण्याचा कूट, अंडी आणि दूध आहारात वाढवले. धुराचा प्रश्न सुटायला वेळ लागला. घरात गॅस होता, पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होई. भाकरी गॅसवर आली. पाण्याची चूल मागच्या अंगणात गेली आणि ती पेटवण्याचे काम मुलाने घेतले.

आठ आठवड्यांनंतर

सहा मिनिटांत मावशी ३४५ मीटर चालल्या, एकदाच थांबल्या, आणि ऑक्सिजन ८९ च्या खाली गेला नाही. वाढलेले ७५ मीटर, ज्या फरकाला आम्ही अर्थपूर्ण मानतो त्या साधारण ३० मीटरपेक्षा बरेच जास्त आहेत. कफ दिवसाला २५ मिलिलिटरच्या आसपास स्थिरावला. वजन ४१ किलो झाले. रात्रीची उबळ आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली. स्पायरोमेट्री १.०८ लिटर, म्हणजे जवळपास होती तेवढीच. हा आकडा मुलाला निराशाजनक वाटला आणि त्याला मी स्पष्ट सांगितले की रुंदावलेल्या नलिका पूर्ववत होणार नाहीत. फिजिओथेरपी त्या नलिकांना बरे करीत नाही, त्यांच्यात रोज साचणारे रोज बाहेर काढते, आणि म्हणून ती दात घासण्याइतकीच रोजची आहे. एका रुग्णावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. इथे औषध, आहार, धूर आणि तंत्र हे सारे एकाच वेळी बदलले होते, आणि कशाचा वाटा किती हे वेगळे करता येणार नाही. डबा वापरायला लागण्याचा वाटा मात्र मोठा होता, असे माझे मत आहे.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत एकदाच ताप येऊन अँटिबायोटिकचा कोर्स घ्यावा लागला. तो आजार मावशींनी स्वतः ओळखला : डब्यातला कफ दोन दिवसांत दुप्पट झाला आणि रंग बदलला, तसे त्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्या, थुंकी कल्चरला (त्यातला जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीला) देऊन मगच गोळी सुरू केली. पूर्वी त्या ताप चढेपर्यंत थांबत. सहाव्या महिन्याच्या भेटीत मी बाटली आणायला सांगितली होती. नळीवरची रंगाची खूण पुसट झाली होती, म्हणून तिथे सुनेने दोरा बांधला होता. पाण्याची पातळी मोजली तर बरोबर १० सेंटीमीटर भरली. हफ करून दाखवायला सांगितला, तर पहिला जरा घाईचा झाला, दुसरा नीट.

हरिपाठाला त्या आता बसतात, दाराजवळ. लहान डबा पिशवीत असतो. संध्याकाळची बैठक त्यांनी हरिपाठाच्या तासभर आधी आणली आहे, कारण बाटली झाल्यावर दीड-दोन तास छाती मोकळी राहते, हे त्यांनी घरीच घड्याळ लावून पाहिले होते. वेळेचे मला सुचले नव्हते. मी ते त्यांच्या कागदावर लिहून घेतले आणि पुढची तपासणी पावसाळ्याच्या आधीची ठरवली.